गुगलची गोष्ट: गॅरेज, चेक आणि एक विसरलेलं परिशिष्ट

आजचा भाग गुगलवर. "त्यात काय नवीन?" असं म्हणाल. मलाही तसंच वाटत होतं. पण तयारी करताना गुगलवाल्यांचा १९९८ सालचा मूळ शोधनिबंध पुन्हा वाचला. कॉलेजात वाचला होता, पण परीक्षेपुरता. यावेळी परिशिष्टासकट वाचला आणि तिथेच अडकलो. का, ते शेवटी सांगतो.

आधी काळ समजून घेऊ. डिसेंबर १९९५ मध्ये अल्टाव्हिस्टा सुरू झालं. त्या काळात ते फारच वेगवान होतं. पण तेव्हाची सर्च इंजिनं मुख्यतः पानावरचे शब्द बघायची. मग लोक काय करणार? एकच शब्द पानावर पन्नास वेळा कोंबणार. परिस्थिती इतकी वाईट होती की नोव्हेंबर १९९७ मध्ये चार मोठ्या सर्च इंजिनांपैकी फक्त एकालाच स्वतःचं नाव टाकल्यावर पहिल्या दहा निकालांत स्वतःचं पान सापडायचं! हे त्याच शोधनिबंधात नोंदवलंय.

लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांची भेट १९९५ मध्ये स्टॅनफर्डला झाली. पुढच्या वर्षी पेजच्या प्रकल्पाचं नाव होतं बॅकरब. कल्पना अशी, की पान स्वतःबद्दल काय म्हणतं ते बाजूला ठेवा, त्याच्याकडे बोट कोण दाखवतंय ते बघा.

आपल्याकडे स्थळाची चौकशी करतात ना, अगदी तसंच. मुलाचा बायोडेटा काय, तो चांगलाच असणार. आपण विचारतो चार लोकांना. त्यातही गावात ज्याच्या शब्दाला मान आहे, त्याचं मत जास्त धरतो. आणि जो माणूस भेटेल त्या प्रत्येक स्थळाला "उत्तम" म्हणतो, त्याच्या शब्दाची किंमत तेवढी वाटली जाते. पेजरँक म्हणजे हेच गणित. आता प्रश्न येतो, मान कोणाला आहे हे कसं ठरवायचं? तर त्याच्याकडे कोण बोट दाखवतं त्यावरून. म्हणजे चक्र झालं. यावर उपाय असा, की सुरुवातीला सगळ्यांना सारखे गुण द्यायचे आणि आकडे स्थिरावेपर्यंत तेच गणित पुन्हा पुन्हा करायचं. या पेजरँकच्या अहवालावर आणखी दोन नावं आहेत, टेरी विनोग्राड आणि आयआयटी कानपूरचे राजीव मोटवानी.

पुढचा भाग तुम्ही ऐकला असेल. ऑगस्ट १९९८ मध्ये अँडी बेख्टोल्शाइमने एक लाख डॉलरचा चेक दिला, "गुगल इन्कॉर्पोरेटेड" या नावाने. गंमत म्हणजे त्या नावाची कंपनीच नव्हती. ती ४ सप्टेंबरला नोंदवली. ऑफिस म्हणजे मेन्लो पार्कमधलं सुझन वोजित्स्कीचं गॅरेज. १९९९ मध्ये एक्साइट कंपनीला साडेसात लाख डॉलरपर्यंत खाली येऊन विकायची तयारी होती. एक्साइटने नाही म्हटलं. जून २००० मध्ये याहूने स्वतःच्या सर्चसाठी गुगललाच घेतलं.

पण पैसे कुठून येणार? ऑक्टोबर २००० मध्ये ॲडवर्ड्स आलं, ३५० जाहिरातदारांसह. २००२ पासून क्लिकमागे पैसे आणि जागेसाठी लिलाव. लिलावाची ही कल्पना आधी बिल ग्रॉसच्या गोटू डॉट कॉमची होती. गुगलने त्यात भर घातली, की नुसती बोली मोठी असून चालणार नाही, लोकांनी त्या जाहिरातीवर क्लिकही केलं पाहिजे. ऑगस्ट २००४ मध्ये शेअर बाजारात आले, ८५ डॉलर भावाने.

आता ते परिशिष्ट. त्यात पेज आणि ब्रिन स्वच्छ लिहितात, की जाहिरातींवर चालणारं सर्च इंजिन मुळातच जाहिरातदारांकडे झुकेल, वापरणाऱ्याकडे नाही. उदाहरणही दिलंय. त्यांच्या इंजिनात "सेल्युलर फोन" शोधलं की पहिला निकाल होता गाडी चालवताना फोनमुळे लक्ष कसं विचलित होतं, यावरचा अभ्यास. मोबाइल कंपन्यांकडून पैसे घेणाऱ्या इंजिनाला असा निकाल पहिला दाखवणं जड जाईल, असं त्यांचं म्हणणं. आणि दोनच वर्षांत ॲडवर्ड्स!

त्यांनी लगेच तत्त्व सोडलं असं नाही. जाहिराती वेगळ्या ठेवल्या, मागे वेगळा रंग दिला. पुढे तो रंग गेला, छोटी पाटी उरली. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी निकाल दिला, की गुगलने सर्चमधली मक्तेदारी बेकायदा टिकवली. फोन आणि ब्राउझरमध्ये आपणच आधीपासून निवडलेले असावं, यासाठी गुगलने २०२१ या एका वर्षात २६ अब्ज डॉलरच्या वर मोजले होते.

यात मी का अडकलो? आधीच्या नोकरीत मी सर्च टीममध्ये होतो. एक दिवस रँकिंगच्या कोडमध्ये एक छोटा बदल आला, पैसे भरणाऱ्या विक्रेत्याच्या गुणांना १.२ ने गुणायचं. फक्त १.२. पाटी नाही, रंग नाही. रिव्ह्यू माझ्याकडे होता. दुपारच्या जेवणाआधी मी अप्रूव्ह करून टाकला. कोणी दबाव आणला नव्हता. मला ते एवढं मोठं वाटलंच नाही.

पेज आणि ब्रिनना धोका आधीच दिसला होता, त्यांनी तो लिहूनही ठेवला होता. मला तर तो कळलासुद्धा नाही. म्हणून त्यांना नावं ठेवताना आज माझा आवाज जरा खाली गेलाय, ऐकताना जाणवलं असेल.

तुमच्या कामात असा एखादा "१.२" आला असेल तर कमेंटमध्ये नक्की लिहा. भेटू पुढच्या भागात.