रॉसची रायफल

१९१५ च्या एप्रिलांत बेल्जममधील ईप्रच्या रणांगणावर कॅनडाच्या सैन्यास जो अनुभव आला, त्याची हकीकत क्लोरीन वायूच्या पहिल्या मोठ्या हल्ल्यामागें झांकून गेली आहे. वायूचा दोष शत्रूकडे जातो. पण त्याच दिवसांत शिपायांच्या हातांतील बंदुका बंद पडल्या, त्याचा दोष घरच्या मंडळींकडे जातो. म्हणूनच ती हकीकत आम्हांस अधिक विचारणीय वाटते.

ही बंदूक सर चार्ल्स रॉस या स्कॉटिश जमीनदाराची. बोअर युद्धाच्या काळांत इंग्लंडकडून ली-एन्फील्ड मिळेनात, तेव्हां आपलें हत्यार आपल्याच देशांत घडावें असें कॅनडास वाटलें, रॉसशीं करार झाला आणि क्वेबेक येथें कारखाना निघाला. हेतूस नांवें ठेवण्याजोगें त्यांत कांहीं नव्हतें.

रॉसचा बोल्ट सरळ मागें ओढावयाचा व सरळ पुढें ढकलावयाचा. ली-एन्फील्डची मूठ आधीं वर वळवावी लागे. कागदावर रॉसचें काम थोडकें. नळी साडेतीस इंच लांब, नेम अचूक. बिस्ले येथील स्पर्धांत तिनें बक्षिसेंही मिळविलीं. परंतु मूठ वळविण्यांत जो पेंचाचा जोर मिळतो, तो सरळ ओढींत नसतो. अडकलेलें काडतूस ली-एन्फील्डची मूठ फिरवितांच सैल होई. रॉसमधून तें निव्वळ बळानें उपटावें लागे. त्यांत रॉसमध्यें काडतूस बसावयाची जागा तंग, आणि विलायती काडतुसें मापानें किंचित् कमीजास्त. शिवाय बोल्टचा दांता अडणीवर आदळून बिघडे तो वेगळाच. नळी तापली, चिखल गेला, कीं बोल्ट हलेना. शिपाई बुटाच्या लाथेनें तो उघडीत. संगीन लावून बार काढला तर पुष्कळदां संगीनच गळून पडे! ईप्रहून वांचून आलेल्या ५००० शिपायांपैकीं १४५२ जणांनीं रॉस टाकून देऊन, पडलेल्या इंग्रज सैनिकांच्या ली-एन्फील्ड उचलल्या होत्या. इतकें स्पष्ट मत कोणत्याही समितीच्या अहवालांत सांपडावयाचें नाहीं.

आम्ही स्वतः खडूखेरीज दुसरें हत्यार धरलेलें नाहीं. तरी ली-एन्फील्डचें मर्म आम्हांस कळतें. नेमबाज मंडळी तिला हिणवीत: नळी आखूड, बोल्टचे दांते मागच्या बाजूस. पण तिचे सांधे मोकळे असल्यानें चिखल तिला सोसे. पोटांत दहा काडतुसें मावत, रॉसमध्यें पांचच. तयार शिपाई मिनिटास पंधरा नेमके बार काढी. बंगालमधील इशापूर येथेंही ती घडे, आणि आपल्याकडील पोलिसांच्या खांद्यावर ती अनेक दशकें राहिली.

खेदाची गोष्ट ही कीं, सूचना आधींच मिळाली होती. रॉसचा पहिला नमुना १९०५ सालीं कॅनडाच्या घोडेस्वार पोलिसांस दिला होता, तो अपघातामुळें पुढल्याच वर्षीं काढून घ्यावा लागला. पण लष्करमंत्री सॅम ह्यूज यांनीं या बंदुकीची पाठराखण आपल्या अभिमानाचा विषय केला होता. पहिल्या डिव्हिजनला १९१५ च्या जूनमध्यें ली-एन्फील्ड मिळाली. बाकीच्यांस १९१६ पर्यंत रॉसवरच दिवस काढावे लागले. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत ह्यूज यांचें मंत्रिपद गेलें.

तरीही रॉस रणांगणावरून अजिबात गेली नाहीं. दडून टिपणाऱ्या कॅनेडियन नेमबाजांपैकीं कित्येकांनीं ती पुढेंही आवडीनें वापरली. त्यांस मिनिटास पंधरा बार काढावयाचे नसत, एकच काढावयाचा असे. आणि बंदूक पुसून ठेवावयास वेळही असे.