पांगुळगाडा आणि तान्हा पोळा

पोळ्याचा दुसरा दिवस उजाडला, म्हणजे विदर्भांतल्या बैलांना विसांवा मिळतो आणि पोरांचा पोळा सुरू होतो. भाद्रपद शुद्ध प्रतिपदेचा हा तान्हा पोळा. नागपुराच्या नैर्ऋत्येस, वेणा नदीच्या कांठीं हिंगणा हें तालुक्याचें गांव आहे. आज त्याचें नांव शेजारच्या औद्योगिक वसाहतीमुळें अधिक ऐकूं येतें. तथापि ज्या घरचा कर्ता पुरुष कारखान्यांत जातो आणि ज्या घरीं कित्येक वर्षांत खरा बैल बांधलेला नाहीं, त्या घरींहि या दिवशीं लाकडी नंदी माळ्यावरून खालीं येतो. त्याला पुसून रंग देतात, शिंगांना बेगड लावतात, पाठीवर झूल घालतात. तोरणाखालीं सारे नंदी जमतात, पूजा होते, आणि मग मुलें आपापला नंदी ओढीत घरोघर जाऊन बोजारा मागतात. कोणी खाऊ देतो, कोणी नाणें देतो.

या मेळ्यांत पुढें मिरवणाऱ्या दांडग्या मुलांना सोडून सर्वांत मागें असलेल्या मुलाकडे पाहावें. तें दीड वर्षाचें आहे. चार-सहा महिन्यांपूर्वीं तें भिंत धरून उभें राहत होतें. आज त्याच्या मुठींत दोरी आहे आणि दोरीच्या टोंकाला वीतभर उंचीचा, चाकांवरचा नंदी आहे. मूल दोन पावलें टाकतें, थांबतें, मागें वळून नंदी येतो आहे कीं नाहीं तें पाहतें, आणि पुन्हा निघतें. मोठ्यांना यांत कौतुकापलीकडे कांहीं दिसत नाहीं. वस्तुतः त्या क्षणीं मुलाला चार गोष्टी एकदम साधलेल्या असतात. आधार न घेतां चालणें, चालतां चालतां तोल न जातां मान वळवणें, मूठ न सोडणें, आणि दोरी ओढली म्हणजे दूरची वस्तु जवळ येते हा कार्यकारणभाव समजणें. पांगुळगाडा मुलाच्या पुढें असतो आणि मूल त्याच्या आधारानें चालतें. नंदी मुलाच्या मागें असतो आणि त्याला मुलाचा आधार लागतो. या दोहोंमध्यें कांहीं महिन्यांचेंच अंतर आहे.

तान्ह्या पोळ्याची प्रथा नागपूरचे राजे दुसरे रघूजी भोसले यांनीं १८०६ सालीं पाडली, असें नागपुरांत परंपरेनें सांगतात. पुढें ज्याला नांगर धरावयाचा त्या मुलाला बैलाचा लळा लहानपणींच लागावा, हा तिचा हेतु मानला जातो. महालांतील चितारओळींत या दिवसांत लहानमोठे नंदी विक्रीस मांडलेले असतात. वर्धा जिल्ह्यांतील सिंदी रेल्वे हें गांव तर आपल्या तान्ह्या पोळ्यासाठींच प्रसिद्ध आहे. तेथले कांहीं नंदी माणसाहून उंच असून ते ओढण्यास तरुणांची टोळी लागते. शोभा म्हणून तें ठीक आहे. परंतु खेळणें या दृष्टीनें पाहिलें, तर मुलाला स्वतः ओढतां येत नाहीं तो नंदी वडिलांचा, मुलाचा नव्हे.

मुलाच्या हातीं काय द्यावें आणि काय देऊं नये, याचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानांत बाळाच्या खेळण्यांचीं लक्षणें सांगितलीं आहेत. तीं रंगीबेरंगी असावींत, त्यांतून नाद निघावा, तीं मनाला आवडणारीं व हलकीं असावींत. त्यांना तीक्ष्ण टोंक नसावें, तीं तोंडांत जाण्याजोगीं नसावींत, जिवाला अपाय करणारीं नसावींत आणि मुलाला भेवडावणारीं नसावींत. लगेच पुढें ग्रंथकार बजावतो कीं, मूल रडलें किंवा जेवलें नाहीं, तरी राक्षस-पिशाच्चांचीं नांवें घेऊन त्याला भिववूं नये. बागुलबोवाचा धाक घालून घांस भरवणाऱ्या घरांत हें वाक्य कधीं पोंचलेंच नाहीं, असें म्हणावें लागतें.

बालवैद्यकाचा मुख्य ग्रंथ जो काश्यपसंहिता, त्याची खंडित पोथी नेपाळांत सांपडली व ती १९३८ सालीं मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यानें प्रसिद्ध केली. त्यांत सहाव्या महिन्याच्या सुमारास मुलाला भूमीवर बसवण्याचा विधि आहे. मुलाभोंवतीं गाय, हत्ती, घोडा अशा प्राण्यांच्या आकाराचीं खेळणीं मांडावींत, असें त्यांत सांगितलें आहे. परंतु अधिक महत्त्वाची गोष्ट पुढची. मुलाला थोडाच वेळ बसवावें. फार वेळ बसवल्यास त्याची कंबर व पाठ शिणते, असा इशारा त्यांत आहे. शेजारणीचें मूल बसूं लागलें म्हणून आपल्या मुलाला उशांच्या तटबंदींत तासन्‌तास टेंकवून ठेवणारी आई त्या काळींहि असली पाहिजे. एरवीं असा इशारा देण्याचें कारण नव्हतें.

ग्रंथ वैद्यांपाशीं राहिले. घरांतलें ज्ञान आजीपाशीं होतें, आणि तें भाषेंत उतरलेलें आहे. मूल मान धरतें, कुशीवर होतें, पालथें पडतें, बसतें, रांगतें, धरून उभें राहतें, पाऊल टाकतें. एकेका पायरीला मराठींत स्वतंत्र बोल आहे. कुठल्याहि पुस्तकाची वाट न पाहतां तो घराघरांत रुजला. संस्कारहि त्याच अनुक्रमानें येतात. बाराव्या दिवशीं बारसें, सहाव्या महिन्याच्या आसपास उष्टावण, पुढें जावळ, आणि संक्रांतीच्या दिवसांत बोरन्हाण. बोरन्हाणांत डोक्यावरून ओतलेलीं बोरें, चुरमुरे व रेवड्या गोळा करण्यास मुलें धांवतात. त्यांत जें मूल अजून धांवूं शकत नाहीं, तें जमिनीवरचा एकेक चुरमुरा अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटींत धरून उचलतें. सहा महिन्यांचें मूल तीच वस्तु सबंध पंजानें ओढतें. चिमूट साधण्यास बहुधा आणखी तीन-चार महिने जावे लागतात.

खेळण्यांचाहि असाच क्रम होता. पाळण्याच्या दोरीला कापडी चिमण्या टांगीत. नजर ठरूं लागलेलें मूल त्यांच्याकडे टक लावून पाही आणि पुढें हात उंचावून त्यांना धरूं जाई. मूठ उघडूं लागली कीं हातांत लाकडी खुळखुळा येई. दांत शिवशिवूं लागले कीं तोच तोंडांत जाई, म्हणून तो लाखेच्या रंगाचा असणें इष्ट. सावंतवाडीच्या कारागिरांचीं लांकडी फळें, ठकी नांवाची लांकडाची बाहुली, आणि शेवटीं भातुकली. भातुकलींत मूल प्रथम ‘समजूं’ लागतें, म्हणजे रिकाम्या बोळक्यांत भात आहे असें मानतें. चालण्याइतकीच ही मोठी पायरी आहे. फक्त ती डोळ्यांना दिसत नाहीं म्हणून तिचे पेढे कोणी वांटीत नाहीं.

हें घरगुती ज्ञान शाळेच्या शास्त्राशीं जोडण्याचें काम ज्यांनीं केलें, त्यांत ताराबाई मोडक यांचें नांव पहिलें घ्यावें लागेल. त्यांचा जन्म १८९२ सालीं मुंबईंत झाला. विवाहानंतर कांहीं वर्षें त्या अमरावतींत होत्या, म्हणजे विदर्भाशींहि त्यांचा संबंध होता. पुढें भावनगरास गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरांत त्या काम करूं लागल्या आणि १९२६ सालीं दोघांनीं नूतन बालशिक्षण संघ स्थापला. मादाम माँटेसोरी यांचीं साधनें सुबक खरीं, परंतु महाग होतीं. खेड्यांतल्या शाळेला तीं परवडणारीं नव्हतीं. ताराबाईंनीं १९४५ सालीं ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें काम सुरू केलें, तेव्हां त्यांनीं व अनुताई वाघ यांनीं शिंपले, बिया, खडे, पानें, काड्या यांनाच साधनांची पदवी दिली. मुलें शाळेंत येत नाहींत, तर शाळेनेंच मुलांच्या अंगणांत जावें, हा विचार तेथला. ‘अंगणवाडी’ हा शब्दहि तेथलाच. १९५७ सालीं हें काम कोसबाडच्या टेकडीवर गेलें. हिंगण्याला जवळ असलेल्या सेवाग्रामींहि १९४५ च्या जानेवारींत नयी तालीमची व्याप्ति वाढवून सात वर्षांच्या आंतील मुलांचें पूर्व-बुनियादी शिक्षण तींत घेण्यांत आलें.

सरकारनें एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजीं देशांत ३३ ठिकाणीं सुरू केली, तेव्हां महाराष्ट्रांतून मुंबईची धारावी आणि मेळघाटांतील धारणी हीं दोन ठिकाणें निवडलीं, आणि योजनेच्या केंद्रांना नांव मिळालें तें अंगणवाडी. बोर्डीच्या अंगणांतला मराठी शब्द अशा रीतीनें सर्व भारताचा झाला. ताराबाई मात्र १९७३ सालींच निवर्तल्या होत्या.

दुसरीकडे मुलाची वाढ मोजण्याचें शास्त्र वाढत होतें. अमेरिकेंत येल विद्यापीठांत आर्नोल्ड गेझेल यांनीं मुलांच्या हालचालींच्या फिती घेऊन कोणत्या महिन्यांत मूल काय करतें याचीं कोष्टकें बांधलीं. नॅन्सी बेली यांनीं त्यांना कसोट्यांचें रूप दिलें. परंतु कॅलिफोर्नियाच्या मुलाची फूटपट्टी आपल्या मुलाला लावावी काय, हा प्रश्न होताच. तो बडोद्यास प्रमिला फाटक यांनीं हातीं घेतला. भारतीय मुलांवरून त्यांनीं जीं प्रमाणें बसवलीं, त्यांच्या १९९७ च्या सुधारलेल्या आवृत्तींत शरीराच्या हालचालींचे ६७ आणि बुद्धीचे १६३ प्रयोग आहेत, आणि जन्मापासून अडीच वर्षांपर्यंतच्या मुलाला ते लावतां येतात. बडोद्याच्या या प्रमाणांतूनच निवडलेल्या १७ प्रयोगांची एक सोपी पट्टी पुढें त्रिवेंद्रमच्या वैद्यांनीं तयार केली. ती अंगणवाडींतील सेविकेलाहि वापरतां येते.

जागतिक आरोग्य संघटनेनें भारत, घाना, नॉर्वे, ओमान व अमेरिका या देशांतील निरोगी मुलांचें निरीक्षण करून २००६ सालीं जे आंकडे प्रसिद्ध केले, ते प्रत्येक सुशिक्षित घरांत लावून ठेवण्यासारखे आहेत. आधारावांचून बसणें ३.८ ते ९.२ महिने. हातगुडघ्यांवर रांगणें ५.२ ते १३.५ महिने. एकटें चालणें ८.२ ते १७.६ महिने. म्हणजे एकाच चाळींतलीं दोन मुलें, एक नऊ महिन्यांनीं चालूं लागलेलें आणि दुसरें सतरा महिन्यांनीं, दोन्हीं निरोगी असूं शकतात. त्याच पाहणींत शंभरांतून सुमारें चार मुलें हातगुडघ्यांवर रांगलींच नाहींत. तीं बसलीं, उभीं राहिलीं आणि चालूं लागलीं. न रांगलेलें मूल पुढें अधू होतें, या समजुतीनें कित्येक सुनांना जे टोमणे ऐकावे लागले, त्यांचा हिशेब मात्र कोणत्याहि संघटनेनें ठेवलेला नाहीं.

परंतु याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. ‘आमच्या घराण्यांत मुलें उशिराच बोलतात’ हें वाक्य सांगून वर्ष-दोन वर्षें थांबलेलीं घरें थोडीं नाहींत. मूल बोलत नाहीं याचें कारण पुष्कळदा त्याला ऐकूं येत नाहीं हें असतें. ऐकूं न येणारें मूलहि पहिले कांहीं महिने हुंकार देतें, हंसतें, आईच्या चेहऱ्याकडे पाहतें. त्यामुळें घर निर्धास्त राहतें. सहा महिन्यांच्या मुलाच्या पाठीमागें, त्याला दिसणार नाहीं अशा रीतीनें खुळखुळा वाजवावा. एरवीं नजरेच्या मागें धांवणारें मूल आवाजाकडे वारंवार वळत नसेल, तर घराण्याचा इतिहास बाजूस ठेवून वैद्याकडे जावें. मात्र घरचा खुळखुळा म्हणजे पक्की परीक्षा नव्हे. मूल वळलें तरी थोडी बहिरट राहून जाते, यासाठीं जन्मानंतर लवकरच यंत्रानें श्रवणपरीक्षा करून घेणें उत्तम. बोलण्याची भाषा असो कीं खुणांची, ती मनांत रुजण्याचीं पहिलीं वर्षें परत येत नाहींत. अठरा महिने पुरे होऊनहि मूल चालत नसेल, किंवा एकदां साधलेली गोष्ट विसरूं लागलें असेल, तरीहि थांबूं नये. असे दोष लवकर हुडकण्यासाठीं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ सालीं सुरू झाला, तो पालघर येथें. ज्या मुलखांत ताराबाईंची पहिली अंगणवाडी भरली, त्याच मुलखांत.

आतां पुन्हा पांगुळगाड्याकडे. तीन चाकांचा जुना लांकडी गाडा आणि मुलाला मधोमध बसवणारें हल्लींचें गोल चाकांचें वॉकर, यांना एकच मानण्याची चूक घरोघर होते. जुन्या गाड्यामागें मूल स्वतःच्या पायांवर उभें असतें. पाय दमले कीं तें खालीं बसतें. वॉकरमध्यें तें टांगलेलें असतें, टांचा टेंकत नाहींत, आणि जिन्याकडे किंवा चुलीकडे तें मोठ्यांच्या आधीं पोंचतें. त्यानें मूल लवकर चालत नाहीं, हें अनेक पाहण्यांत दिसून आलें आहे. कानडा देशानें २००४ सालीं त्याच्या विक्रीवर बंदीच घातली. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना मानक संस्थेची खूण सक्तीची झाली. विषारी रंग नको, धारदार कडा नको, सुटून गिळला जाईल असा तुकडा नको, या तिच्या अटी वाचतांना चरकाचें तें वाक्य समोर उभें राहतें.

हिंगण्याच्या मुलांचा बोजारा संध्याकाळपर्यंत मोजून होतो. मोठ्या मुलांचे नंदी झूल उतरवून पुन्हा माळ्यावर जातात. दीड वर्षाच्या त्या मुलाचा नंदीहि, रंग उडेल म्हणून, आई उंच फळीवर ठेवते. मग दुसऱ्या दिवशीं तें मूल रिकाम्या काड्यापेटीला बांधलेला दोरा मुठींत धरून ओसरीभर फिरतें, आणि दर दोन पावलांनीं वळून, ती मागून येते आहे ना, तें पाहतें.