लहान नमुन्याची थोरवी

साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर फिरणारी पवनचक्क्यांची अजस्र पाती धुळे-जळगावकडील अनेकांनी पाहिली असतील. वारा पात्यास फिरवितो ती पवनचक्की. पाते हवा खाली लोटून स्वतः वर चढते ते हेलिकॉप्टर. हे पाते साधण्याच्या इतिहासात घरगुती नमुन्यांचा वाटा फार मोठा आहे, आणि कामगारांनी तो जाणून घ्यावा असे आम्हांस वाटते.

1784 साली फ्रान्समध्ये लोनुआ व ब्यँव्हन्यू यांनी पिसांची दोन चाके व धनुष्याची ओढ एवढ्यावर खेळणे उडविले. पुढे स्पेनच्या सिएर्व्हाने वाऱ्यावर फिरणाऱ्या पात्यांची विमाने बांधली. ती कुशीवर कलंडत. लहान नमुना मात्र सरळ उडे. कारण नमुन्याची पाती वेताची, लवचीक होती. पुढे जाणाऱ्या पात्यास हवा जोराने लागते, मागे येणाऱ्यास कमी. ताठ पाते तो फरक यंत्रावर लादते, लवणारे स्वतः सोसते. सिएर्व्हाने पात्यांच्या मुळाशी बिजागऱ्या बसविल्या आणि जानेवारी 1923 मध्ये यंत्र उडाले.

अमेरिकेत आर्थर यंगने 1928 पासून बारा-तेरा वर्षे नमुनेच केले, मोडले, पुन्हा केले. टोकांस वजने असलेला आडवा दांडा पात्यांना जोडल्यावर नमुना स्थिर राहू लागला. 1941 साली बेल कंपनीने त्यास बोलाविले; त्यातून झालेल्या ‘बेल 47’ला 1946 मध्ये नागरी वापराचा परवाना मिळाला.

आता आपल्याकडे पाहू. ऑगस्ट 2021 मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगी येथे जेमतेम आठवी शिकलेला एक तरुण वेल्डिंग कारागीर स्वतः बांधलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना पाते लागून मरण पावला. हिशेब साधा आहे. अर्धा किलो वजन एक मीटर अंतरावर मिनिटास 600 फेरे फिरविले, तर मुळाशी सुमारे 200 किलोची ओढ बसते. एक जोड सुटला की पाते गोळीसारखे जाते.

1948 च्या कारखाना कायद्याने फिरत्या यंत्रभागांस आडोसा सक्तीचा केला. घरच्या शेडपर्यंत तो कायदा पोहोचला नाही. म्हणून आमची मागणी आहे: जळगाव-धुळ्याच्या आयटीआयनी व अभियांत्रिकी महाविद्यालयांनी जाळीचा आडोसा आणि दुरून चालू-बंद करण्याची सोय असलेला एकेक चाचणी-ओटा गावच्या कारागिरांस खुला करावा. आधी लहान नमुना, मग मोठे यंत्र, आणि माणूस सर्वांत शेवटी, हा क्रम तिथे शिकविला जावा. कारागिराच्या हिकमतीचे कौतुक त्याच्या तिरडीमागून करण्याची रीत आता बंद झाली पाहिजे.