जर्मनीत कायम राहण्याचा परवाना : कुशल कामगारांसाठी अटी

जत भागातून परदेशी नोकरी म्हटलं की आधी आखाती देश आठवतात. पण तिथला इकामा नोकरीशी बांधलेला. नोकरी सुटली की बहुतेकांना घरी परतावं लागतं. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्राने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. तेव्हापासून आपली मुलं विचारतात, तिथे कायम राहता येतं का? येतं, पण अटी आहेत.

कुशल कामगार : 3 वर्षं कुशल कामगाराचा परवाना, 36 महिने पेन्शनची वर्गणी, जर्मन भाषा बी-1, पोट भरेल अशी नोकरी आणि कुटुंबाला पुरेसं घर.

ब्ल्यू कार्डधारक : ए-1 भाषेवर 27 महिने, बी-1 असेल तर 21.

खरी मेख पहिल्या पायरीवर आहे. इथल्या पदवीला किंवा नर्सिंगच्या शिक्षणाला जर्मनीत मान्यता मिळाली, तरच साधारणपणे हा 3 वर्षांचा रस्ता खुला होतो. म्हणून नुसता ‘वर्क व्हिसा’ सांगणाऱ्या एजंटला दोन गोष्टी विचारा : परवाना नेमका कोणता, आणि मान्यतेचं पत्र कुठे आहे? दागिने गहाण पडण्याआधी विचारा. तोवर मुलांनी जर्मन शिकायला लागावं. ती मेहनत वाया जात नाही.