नांवांचें बिऱ्हाड

बिऱ्हाड हलविणारा शहाणा गृहस्थ जुन्या जागेची किल्ली त्याच दिवशीं मालकाच्या हवालीं करीत नाहीं. टपालवाल्याला व गांवाकडील पाहुण्यांना नवा पत्ता कळेपर्यंत जुन्या दारीं कोणी तरी असावें लागतें. संकेतस्थळ एका नेमसर्व्हरवरून दुसऱ्यावर नेतांना हेंच पथ्य पाळलें नाहीं, तर दुकान उघडें असूनही गिऱ्हाइकाला दार सांपडत नाहीं आणि पत्रें वाटेंतून परततात.

१९७० नंतरच्या दशकांत हा प्रश्न नव्हता. अमेरिकेंतील आर्पानेट या जाळ्याची एकच नामावळी कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्यें एलिझाबेथ फाइन्लर यांच्या देखरेखीखालीं ठेवलेली असे, आणि बाकीचे संगणक ती उतरवून घेत. संगणक वाढले तशी ही वही अपुरी पडली. १९८३ सालीं सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेंतील पॉल मोकापेट्रिस यांनीं डीएनएस ही नवी व्यवस्था मांडली.

तींत नामावळी वांटून दिली गेली. ‘कॉम’सारख्या वरिष्ठ विभागानें अमुक नांवाची माहिती कोणत्या नेमसर्व्हरकडे मिळेल एवढेंच सांगावयाचें, खरा पत्ता तो नेमसर्व्हर सांगतो. शिवाय मिळालेलें उत्तर विचारणारानें कांहीं काळ स्मरणांत ठेवावयाचें. हा काळ सेकंदांत लिहितात व त्यास टीटीएल म्हणतात. या स्मरणामुळेंच जाळें वेगानें चालतें, आणि स्थलांतराच्या वेळीं आडवें येतें तेंही हेंच.

मोकापेट्रिस यांनीं १९८७ च्या सुधारित लेखांत उपायही लिहून ठेवला: बदल आधीं ठाऊक असेल तर टीटीएल अगोदरच कमी करावा, व मागाहून पूर्ववत् वाढवावा. परंतु यांत एक मेख आहे. ‘कॉम’च्या दप्तरांतील नोंदीचा टीटीएल १,७२,८०० सेकंद, म्हणजे दोन दिवस असतो, आणि तो बदलणें डोमेनच्या मालकाच्या हातीं नाहीं. म्हणून स्वतःचे नेमसर्व्हर उभारणारानें प्रथम सर्व नोंदी नव्या जागीं जशाच्या तशा उतरवाव्या. ई-मेलच्या नोंदी तर हटकून विसरल्या जातात. नव्या सर्व्हरला थेट प्रश्न विचारून उत्तरें ताडून पाहावीं. त्याचें नांव त्याच डोमेनमधलें असेल तर त्याचा अंकी पत्ताही वरिष्ठाकडे नोंदवावा. नाहीं तर घराचा पत्ता घरांतच विचारण्यासारखें होतें. मगच वरची नोंद बदलावी, आणि जुना सर्व्हर निदान दोन दिवस, जुन्या नोंदींचा टीटीएल मोठा असल्यास त्याहूनही अधिक, चालूं ठेवावा. दोन्हीकडून एकच उत्तर मिळत असलें म्हणजे कोणी कोणास विचारलें याची फिकीर उरत नाहीं.

थोरामोठ्यांनाही यांतून सुटका नाहीं. या व्यवस्थेच्या मुळाशीं १३ नांवांचे मूळ-सर्व्हर आहेत. त्यांपैकीं ‘जे’ चा पत्ता व्हेरिसाइन कंपनीनें नोव्हेंबर २००२ मध्यें बदलला. तरी २०१५ सालींही जुन्या पत्त्यावर प्रश्न येतच होते! मूळ-सर्व्हरांच्या पत्त्यांची यादी विचारणाऱ्या सर्व्हरांत आधींच भरून ठेवलेली असते. ती एकदां ठेवली कीं पुष्कळ ठिकाणीं पुन्हां कोणी पाहत नाहीं. मेरिलंड विद्यापीठानें ३ जानेवारी २०१३ रोजीं ‘डी’ चा पत्ता बदलला, तेव्हां जुना पत्ता किमान सहा महिने चालेल असें आधींच कळविलें. २७ नोव्हेंबर २०२३ रोजीं ‘बी’ ची पाळी आली. तो सर्व्हर मोकापेट्रिस यांच्याच जुन्या संस्थेकडे आहे. तिनें जुन्या पत्त्यावर आणखी एक वर्षभर उत्तरें देण्याचें ठरविलें.