गेडीस साहेब, इंदूरच्या गल्ल्या आणि वरळीच्या चाळी

जुनी वस्ती म्हटली की 'पाडा आणि रस्ता रुंद करा' हे आज सहज बोललं जातं. शंभर वर्षांपूर्वीही तेच बोलत होते. पण आपल्या इंदुरात एक माणूस असा आला, की त्याने आधी हिशेब मागितला.

तिसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या काळात प्लेगने शहर हैराण होतं. दरबाराने स्कॉटलंडच्या पॅट्रिक गेडीस यांना बोलावलं. १९१८ साली त्यांचा दोन खंडांचा अहवाल निघाला. त्यांचं म्हणणं साधं होतं: सरळ रस्त्यासाठी घरं पाडली तर माणसं नाहीशी होत नाहीत, ती शेजारच्या गल्लीत दाटीने राहायला जातात. म्हणून जेवढं मोडकळीला आलंय तेवढंच काढा, मोकळ्या जागेत झाड लावा, बाकी घरं दुरुस्त करा. खर्चही कमी. त्यांनी दिवाळीची मिरवणूकसुद्धा काढवली. ज्या भागात साफसफाई जास्त, तिथून मिरवणूक जाणार, अशी अट! मिरवणुकीत प्लेगचा उंदीर होता आणि झाडूवाल्यांना मानाचं स्थान होतं.

आता मुंबई बघा. १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या सरकारने डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं. बेत ५०,००० खोल्यांचा. कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवला. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी मिळून २०७ चाळी झाल्या, एकेका चाळीत ८० खोल्या, खोली साधारण १६० चौरस फूट. गरज एवढी असूनही कितीतरी खोल्या वर्षानुवर्षं रिकाम्या! भाडं परवडेना, वरळीला तेव्हा धड बाजार नाही, सोयी नाहीत.

मी कॉमर्सचा माणूस, नोकरीही बँकेत झाली, त्यामुळे मला हे खातेवहीसारखं दिसतं. पाडलेलं घर एका बाजूला, बांधलेली खोली दुसऱ्या बाजूला, बेरीज जुळते. उठवलेलं कुटुंब मात्र कुठल्याच रकान्यात नसतं. गेडीसनी तो रकाना मांडला.

त्यांचं सगळंच खरं होतं असं नाही. दुरुस्तीलाही पैसा लागतो, आणि नुसत्या सल्ल्याने भिंत उभी राहत नाही. त्या चाळींतही पुढे गिरणी कामगारांच्या पिढ्या नांदल्या, हेही विसरू नये. तरी जुनी इंदूर किंवा मल्हारगंजात आज नोटीस लागली, तर पहिला प्रश्न हाच विचारावा: इथली माणसं जाणार कुठे?

तुमच्याकडे प्लेगच्या दिवसांत घर सोडून गावाबाहेर झोपड्यांत राहिल्याच्या आठवणी कुणी सांगत असे का? जरूर लिहा. आता सांगणारे थोडेच उरलेत.