थोरल्याचं पुस्तक धाकट्याला चालेल का?

दर जूनमध्ये शाळेच्या दारात हा प्रश्न ठरलेला असायचा. "गुरुजी, थोरल्याचं इतिहासाचं पुस्तक जपून ठेवलंय, धाकटीला चालेल ना?" मी पुस्तक हातात घेऊन आधी आवृत्तीचं साल बघायचो. अभ्यासक्रम तोच असला तर मान डोलवायची. बदललेला असला की त्या माणसाचा चेहरा उतरायचा, आणि मला उगाचच अपराधी वाटायचं.

निवृत्त होऊन आता पंधरा वर्षं उलटून गेली. पण गेल्या रविवारी तोच प्रश्न पुन्हा आला. या वेळी न्यू जर्सीहून, आणि विचारणारा माझा नातू.

"आजोबा, डी अँड डीची २०२४ची आवृत्ती घेऊ का? की जुनीच चालेल?"

मंडळी, डी अँड डी म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. २०२० च्या फेब्रुवारीत आम्ही दोघं लेकीकडे गेलो आणि लॉकडाऊनमुळे तिथेच अडकलो. नातू तेव्हा बारा वर्षांचा. त्याच्या मित्रांना घरी यायची बंदी, मग भिडू कुठून आणायचे? त्यानं आम्हालाच बसवलं. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो, बाकीचे आपापलं पात्र काय करणार ते सांगतात, आणि ते जमलं की फसलं हे फासे ठरवतात. सारीपाटासारखा पट लागतोच असं नाही. कीर्तनात बुवांनी कथा मध्येच थांबवून श्रोत्यांना "आता पुढे तुम्ही सांगा" म्हणावं, तसं काहीसं. आमची सौ. झाली मंत्रानं जखमा बऱ्या करणारी पुजारीण, मी म्हातारा योद्धा. विमानं सुरू झाल्यावर आम्ही परत आलो आणि आमची गोष्ट अर्धीच राहिली.

आता नातू येत्या ऑगस्टमध्ये कॉलेजला जाईल. तिथली मुलं नव्या नियमांनी खेळतात म्हणे. नियमांची पुस्तकं तीन, प्रत्येकाची किंमत ५० डॉलर, म्हणजे आपले बारा हजारांहून जास्त. पैसे आम्हीच वाढदिवसांना दिलेले, त्यानं साठवलेले. म्हणून विचारत होता. मी म्हटलं, "थांब. आधी या आवृत्त्यांचा इतिहास बघू दे." इतिहासाच्या मास्तरला विचारल्यावर दुसरं काय होणार?

तर हा खेळ १९७४ चा. विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या लहान गावातले गॅरी गायगॅक्स आणि मिनेसोटातले डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. गायगॅक्स पूर्वी विमा कंपनीत होते, मध्यंतरी जोडेही दुरुस्त करत. पहिल्या छपाईत फक्त १००० प्रती. एका खोक्यात तीन छोट्या पुस्तिका, किंमत १० डॉलर. पुस्तिका इतक्या त्रोटक होत्या की वाचून खेळ समजणं कठीण. त्यामुळे १९७७ ते १९७९ या काळात 'ॲडव्हान्स्ड' नावानं तीन जाडजूड पुस्तकं निघाली. ती गरज खरी होती. पण त्यांतून मानधनाचा वादही निघाला. १९७९ मध्ये आर्नेसन कोर्टात गेले, १९८१ मध्ये तडजोड झाली.

दुसरी आवृत्ती १९८९ ची. तोवर गायगॅक्स स्वतःच कंपनीतून बाहेर पडले होते. हा खेळ मुलांना सैतानाच्या नादी लावतो अशी ओरड १९८० च्या दशकात अमेरिकेत झाली होती, म्हणून या आवृत्तीत राक्षस-सैतानांची नावंच बदलली. पाठ्यपुस्तकातला एखादा शब्द कुणाला तरी खटकतो आणि पुढच्या छपाईत गुपचूप बदलतो, हे मी पाहिलेलं आहे. तेव्हा हसू आलं.

१९९७ मध्ये मूळ कंपनी कर्जात बुडाली आणि विझार्ड्स ऑफ द कोस्टनं ती विकत घेतली. १९९९ मध्ये विझार्ड्सला हॅस्ब्रोनं घेतलं. २००० साली तिसरी आवृत्ती आली. तिनं बऱ्याच गोष्टी सरळ केल्या. आधी चिलखताचा आकडा जितका कमी तितकं संरक्षण जास्त, असा उलटा हिशोब होता; तो सुलटा केला. शिवाय हे मूळ नियम वापरून इतरांनाही आपली पुस्तकं काढायची मोकळीक दिली. पण तीनच वर्षांत, २००३ मध्ये, 'साडेतीन' नावाची सुधारित पुस्तकं! ज्यांनी नुकतीच घेतली होती त्यांना काय वाटलं असेल?

२००८ ची चौथी आवृत्ती इतकी वेगळी होती की पुष्कळांनी ती नाकारली. मग पायझो नावाच्या कंपनीनं त्याच मोकळिकीचा आधार घेऊन २००९ मध्ये साडेतीनच्या नियमांवर 'पाथफाइंडर' काढलं, आणि जुने खेळाडू तिकडे गेले. कंपनी धडा शिकली. पाचवीसाठी खेळाडूंकडून आधी नियम खेळवून घेतले, त्यांची मतं मागवली आणि २०१४ मध्ये पुस्तकं काढली. आमच्याकडचं पुस्तक ते हेच. पुढे जानेवारी २०२३ मध्ये ही मोकळीक आवळायचा बेत बाहेर फुटला, तेव्हा एवढा गहजब झाला की त्याच महिन्यात कंपनीला मूळ नियम कायमचे सर्वांना खुले करावे लागले.

आता २०२४ ची आवृत्ती. कंपनी तिला सहावी म्हणत नाही, पाचवीचीच सुधारणा म्हणते. २०१४ च्या साहसकथा हिच्यासह खेळता येतात. एक बदल मला मनापासून आवडला. पूर्वी पात्र एल्फ की बुटका, म्हणजे जन्म कुठल्या कुळात, यावर त्याला जादा गुण मिळत. आता ते वाढलं कसं, काम काय केलं, यावर मिळतात. हे पन्नास वर्षांनी का होईना, सुचलं! आणि जखम भरण्याचा मंत्र आता दुप्पट गुणकारी झाला: आठ बाजूंचा एक फासा टाकायचा तिथे दोन. हे ऐकून सौ. स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "म्हणजे मी इतके दिवस अर्ध्याच औषधावर भागवत होते?"

या सगळ्यातून मला एक दिसलं. आवृत्ती दोन कारणांनी निघते: चूक दुरुस्त करायला किंवा गल्ला भरायला, आणि बहुतेक वेळा दोन्ही एकदमच. पण शाळेचं पुस्तक बदललं की जुनं बाद होतं, कारण परीक्षा बोर्ड घेतं. इथे परीक्षक कोणी नाही. चार माणसांनी बसून ठरवलं की तोच नियम. १९७४ ची पुस्तिका घेऊन आजही कोणी खेळलं तर चुकलं म्हणणारा कोण?

मग नातवाला कळवलं ते असं. नव्या आवृत्तीचे मूळ नियम कंपनीनं एप्रिल २०२५ मध्ये फुकट खुले केले आहेत, ते आधी वाच. कॉलेजात भिडू जमले तर त्यातलं खेळाडूचं एकच पुस्तक घे. बाकीची दोन सूत्रधाराच्या कामाची. तू सूत्रधार झालास तर बघू. आणि जुनं टाकू नकोस.

तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आजोबा, जुन्यात आजीच्या पात्राचा कागद अजून आहे. तुमचा पण. आपली गोष्ट राहिलीच ना?"

पाच-सहा वर्षं त्यानं तो कागद जपून ठेवला होता, आणि मी पैशांचा हिशोब करत बसलो होतो.

असो. कॉलेज सुरू होईपर्यंत दर रविवारी सकाळी, म्हणजे त्यांच्या शनिवारी रात्री, व्हिडिओ कॉलवर बसायचं ठरलंय. नियम २०१४ चेच. फक्त सौ.चा हट्ट आहे की औषध मात्र नव्या आवृत्तीप्रमाणे, दोन फासे. सूत्रधारानं तो मान्य केला आहे.